विहिरीच्या मालकीचा रकाना

ती घटना आजही आठवते, असे म्हणून सांगायला बसायची आम्हा निवृत्त पोलिसांना खोडच आहे. मला ती नुसती आठवत नाही, आठवली की डोके तापते. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही झेलला. पण एका विहिरीच्या पाण्याने मला जेवढे दमवले, तेवढे कुठल्या दरोडेखोराने दमवले नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. हातभट्टी, बैलचोरी, बांधावरच्या मारामाऱ्या, हे आमचे रोजचे काम. एके सकाळी हजेरी संपून ड्युट्या वाटणे चालू होते, तेव्हा साठीची एक बाई काखेत गाठोडे घेऊन आत आली. जवळच्या गावातल्या बौद्ध वस्तीत राहणारी. सगळे तिला अक्का म्हणत.

"अक्का, काय चोरीस गेलं?" आमच्या जमादारांनी विचारले.

"चोरी नही भाऊ. पानी बिघडी गयं." तिने गाठोडे सोडले. आत चार पांढरी लुगडी होती. एक गुलाबी पडलेले, एक पिवळे, एक निळसर, आणि एक पुन्हा गुलाबी.

"हे परटाचं काम, पोलिसांचं नाही," जमादार म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, हे लपवत नाही.

अक्का हसली नाही. दर पौर्णिमेला वस्तीतले लोक पांढरे कपडे घालून वंदनेला जमत. त्यासाठी ती आदल्या दिवशी लुगडे विहिरीच्या पाण्यात भिजत घालायची. चार पौर्णिमा झाल्या, चार लुगडी रंगली. रंग लागलेले वंदनेला नेसायचे नाही, म्हणून तिने ती तशीच बाजूला ठेवली होती. शेजारच्या घरांतल्या पोरांच्या अंगावर चट्टे उठले होते. विहिरीच्या बाजूने जो नाला वाहतो, त्याच्या वरच्या अंगाला कापडाचे रंग बनवणारा कारखाना नवीनच सुरू झाला होता.

"मग गावच्या विहिरीवरून पाणी भरा ना काही दिवस," मी म्हणालो.

"साहेब, त्या हिरवर मी पाय ठेवनार नही." एवढेच बोलली. का, ते मी विचारले नाही. विचारले असते तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती.

मी धुळ्याला जाऊन पाणी तपासणाऱ्या खात्याच्या एका अधिकाऱ्याला भेटलो. सज्जन माणूस. त्यांनी मला कायदा समजावला आणि माझी चिडचिड तिथून सुरू झाली. त्या कायद्याखाली खटला फक्त त्यांनीच भरायचा, पोलिसाच्या फिर्यादीवर न्यायालय दखल घेत नाही. पाण्याचा नमुना त्यांनीच घ्यायचा. तोही कारखान्याला नोटीस देऊन, त्यांच्या माणसासमोर, दोन भाग करून, सील लावून. आणि विहिरीतून नाही, कारखान्याचे पाणी जिथून बाहेर पडते तिथून.

"म्हणजे चोराला सांगून जायचे, की आम्ही झडती घ्यायला येतोय?" मी विचारले.

"तसे नाही केले तर अहवाल पुराव्यात टिकत नाही," ते थंडपणे म्हणाले. त्यांचे बरोबर होते. नियम त्यांनी केला नव्हता.

नमुना घेतला गेला. अहवाल आला: सर्व घटक ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत. मर्यादा असते ती एका लिटरमागे किती, अशी. लिटर वाढवले की विष आपोआप कमी होते. आमच्या हद्दीतल्या हातभट्टीवाल्याने पिंपात चार हंडे पाणी ओतून 'आता ही दारू नाही' असे म्हटले असते, तर आम्ही त्याला वरात काढून ठाण्यात आणला असता. इथे तोच हिशेब कायद्यात बसत होता. विहिरीचे पाणी मी वेगळे तपासायला पाठवले. त्यात रंग आहे असे उत्तर आले, पण त्या रंगासाठी कुठली मर्यादाच ठरलेली नव्हती. ठरलेली नाही म्हणजे ओलांडली कशी जाणार?

अक्का दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी यायची. बाकावर बसायची. काही मागायची नाही, फक्त विचारायची, "काय व्हयनं साहेब?" तिच्या त्या प्रश्नापेक्षा वरिष्ठांचा मेमो परवडला.

मग एक निनावी चिठ्ठी आली: 'बोअर चालवणाऱ्याला विचारा.' कारखान्याचा पंप चालवणारा चाळिशीचा माणूस होता. त्याला दिवसाउजेडी बोलावले, चहा दिला. चौकशीत माणूस तोंड सांभाळतो, हात सांभाळत नाही. हा दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसला होता. मी म्हणालो, "चहा घ्या भाऊ." कप घ्यायला त्याने हात काढले, तर नखांच्या कडेपर्यंत निळे. त्वचा सोललेली. मी काही विचारले नाही. त्यानेच हातांकडे पाहिले आणि बोलायला लागला.

"साहेब, तपासनीना कागद उना का मालक सांगस, बोअर सोडी दे. मंग बठ्ठं पानी गटारमा. साहेब लोके बाटली भरी लेतस, गाडी जास, का बोअर बंद. मी काय करू? मन्हं पोट शे."

तपासणीपुरते बोअरचे चांगले पाणी गटारात सोडून रंग पातळ करायचा, सगळे कोडे उलगडले, आणि हाताला काहीच लागले नाही. पोलिसासमोर दिलेल्या जबाबाला न्यायालयात काय किंमत असते, ते मला ठाऊक होते. पुढे तो साक्षीत फिरलाच. त्याचा मला राग आला नाही. ते हात घेऊन तो दुसरीकडे कुठे कामाला जाणार होता?

धागा सापडला तो लुगड्यांत. एका दुपारी भिंतीवरचे कॅलेंडर पाहताना डोक्यात आले, की प्रत्येक लुगड्याला तारीख आहे. पौर्णिमेचा आदला दिवस. अक्काला क्रम तोंडपाठ होता: आधी पिवळे, मग गुलाबी, मग निळे, मग पुन्हा गुलाबी. कारखान्याचे उत्पादन रजिस्टर जप्त केले. त्या त्या दिवसांत तिथे कोणता रंग निघाला होता? पिवळा, लाल, निळा, लाल. मी रजिस्टर बंद केले, उघडले, पुन्हा पाहिले. प्रयोगशाळेला जे जमले नाही, ते या बाईने लुगडी भिजवून केले होते.

भारतीय दंड विधानाचे कलम २७७ लावले. सार्वजनिक पाणवठ्याचे पाणी घाण करणे. शिक्षा फार तर तीन महिने, पण निदान कारखान्याच्या मालकाला पिंजऱ्यात उभे तर करता येणार होते. अक्काची अट एकच होती: "मन्ही हिर परत पेवासारखी व्हवाले पाहिजे." लुगडी मुद्देमाल म्हणून जमा झाली. रजिस्टरात जमादारांनी लिहिले: 'पांढरे लुगडे, रंग पिवळा.' मी ते बदलायला लावले नाही. खरेच होते ते.

विहिरीचा पंचनामा मी स्वतः लिहिला. आमच्या ठाण्यात त्यासाठी सायक्लोस्टाईल केलेला एक नमुना होता. घराच्या चोरीपासून विहिरीतल्या प्रेतापर्यंत तोच. त्यात एक रकाना होता, 'जागेची मालकी'. रकाना कोरा राहिला तर कागद परत यायचे, म्हणून आम्ही तो न चुकता भरायचो. सातबारावर ती जमीन अक्काच्या नवऱ्याच्या नावे होती, पुढे तिच्या. मी तिचे नाव लिहिले. पंच म्हणून ठाण्यासमोरच्या हॉटेलात नेहमी बसणारे दोघे घेतले. एक फिर्यादी, दोन पंच, रजिस्टर, मुद्देमाल. कागद पक्के झाले असे मला वाटले. पाठ थोपटून घेण्याइतके पक्के.

खटला चालला. लुगडी टेबलावर मांडली, शेजारी रजिस्टर ठेवले. न्यायाधीश महाराजांनी चष्मा काढून दोन्ही पाहिले. मला वाटले, जिंकलो. मग जळगावहून आलेले बचावाचे वकील उठले. लुगड्यांना त्यांनी हातही लावला नाही. अक्काला विचारले, "बाई, ही विहीर कोणी खणली?"

"मन्हा सासरानी खंदी." मान ताठ होती तिची.

"जमीन कोणाची?"

"आम्हनी."

"गावातले लोक तिथे पाणी भरायला येतात?"

"गावना लोके कसाले येतीन? गावनी हिरवर आम्हले पानी भरू देत नव्हतात, म्हनीसन तर ही खंदी."

वकिलांनी फक्त मान हलवली आणि माझ्याकडे वळले. पंचनामा माझ्या हातात दिला, मालकीचा रकाना वाचायला लावला. मी वाचला. "वस्तीतल्या आणखी कोणाचा जबाब घेतलात? ही विहीर सगळे वापरतात असे सांगणारा एक तरी साक्षीदार?"

"नाही," मी म्हणालो.

आरोपी निर्दोष सुटले. विहीर खाजगी, सार्वजनिक पाणवठा असल्याचा पुरावा सरकार पक्षाने दिलेला नाही, सबब कलम लागू होत नाही. फिर्यादी बाईने दिवाणी दावा लावावा, असा सल्लाही निकालात होता. अपील करावे म्हणून मी वर लिहिले. उत्तर आले: तपासातच त्रुटी आहे. त्रुटी म्हणजे मी.

ज्यांना सार्वजनिक विहिरीवर येऊ दिले नाही, त्यांनी स्वतःची खणली, आणि स्वतःची खणली म्हणून ती सार्वजनिक नाही. हे कायद्याचे उत्तर होते. पण त्या उत्तरासाठी लागणारा कागद मीच लिहून दिला होता. नोटीस, सील, लिटर, मर्यादा यांच्यावर वर्षभर चिडलो, आणि माझ्याच टेबलावरच्या रकान्याकडे पाहिले नाही.

काही दिवसांनी मुद्देमाल परत न्यायला अक्का आली. पोहोचेवर तिने अंगठा दिला नाही, सावकाश सही केली. लुगडी गाठोड्यात बांधली. मी म्हणालो, "अक्का, माझी चूक झाली."

तिने गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, "साहेब, तुम्ही इतलं लिवं. एक बार तरी इचारतात, या हिरवर कोन कोन पानी भरस."

ती पुन्हा बाकावर टेकली. "आते लिवी ल्या," म्हणाली, आणि वस्तीच्या पहिल्या घरापासून एकेक नाव सांगू लागली. कोणाची सून, कोणाचा नातू, कोण आंधळी म्हातारी जिला शेजारीण हंडा आणून देते. खटला संपला होता. त्या नावांचा आता कोणालाच उपयोग नव्हता. तरी मी कागद ओढला आणि लिहीत गेलो. जमादार दारात उभे राहून ऐकत होते. या वेळी कोणी हसले नाही.

त्यानंतरच्या नोकरीत मी कुठल्याही पंचनाम्यात जागा कोणाची हे शेवटी लिहिले. आधी विचारले, इथे येते-जाते कोण, जगते कोण. एवढे मी शिकलो, आणि ते शिकण्याची किंमत मी दिली नाही, वस्तीने दिली. पुढे तिथे सरकारी हातपंप बसला. विहिरीचे पाणी पुन्हा कोणी प्यायले नाही.

ती यादी अजून माझ्या कपाटात आहे. खाली जागा उरली होती, तिथे अक्काने मी न सांगताच सही करून ठेवली होती.