गटाला लावलेलं कुलूप

दहावी अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी मी व्हॉट्सअॅपवर गट काढला, त्याला आता तीन वर्षं होतील. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या या बायका. कुणी ब्राह्मणपुरीची, कुणी रनाळ्याची, एक तर थेट अक्कलकुव्याहून. मी शहाद्याच्या शाळेत गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात गट चालवतो. हा उरलेला वेळ नेमका कुठे असतो, ते मला अजून सापडलेलं नाही. शाळेतल्या सहा तासिका संपवून घरी यावं, चहा घ्यावा आणि भिंतीला टेकवलेल्या फोनसमोर तीच समीकरणं पुन्हा सोडवावीत. शिवाय गट चालू असल्याचा पुरावा म्हणून वरच्या ऑफिसला फोटो पाठवायचे.

एवढं सगळं चाललं असतं. जीव नकोसा केला तो गुलाबांनी. ब्राह्मणपुरीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा नंबर होता. पहाटे साडेपाचला त्यावरून गुलाब यायचा, मग देवाचा फोटो, मग साखर कमी करायचा उपाय. त्याचं बघून बाकीच्या घरांतूनही फुलं सुरू व्हायची. मी टाकलेला धडा दहा वाजेपर्यंत कुठल्या कुठे वर गेलेला असायचा. दोनदा समज दिली, काही उपयोग झाला नाही.

त्याला काढून टाकणंही शक्य नव्हतं, कारण घरात तो एकच फोन आणि त्याची सून माझी विद्यार्थिनी. सासरा दुपारी जेवून आडवा झाला की तासभर फोन तिच्याकडे. तिला टाइप करायला वेळ लागायचा, म्हणून ती बोलूनच पाठवायची. "सर, हाई कसं उनं?" हे कसं आलं, एवढंच, आणि मागे भांड्यांचा आवाज. मी शाळेत असायचो. तोवर रनाळ्याची एकजण तिला अहिराणीत समजावून सांगायची, खरं तर माझ्यापेक्षा बरं. मग तिसरी विचारायची. त्या तासाभरात गट माझ्याविना चालायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी गुलाबांची रांग बघितली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करून टाकली. खाली लिहिलं, 'अडचण असल्यास मला पर्सनलवर विचारावे.' त्या दिवशी वर्गसमीकरणाचे अवयव पाडायचा व्हिडिओ टाकला आणि कित्येक महिन्यांनी शांत जेवलो. दोघीतिघींनी पर्सनलवर विचारलं. ब्राह्मणपुरीच्या त्या सुनेचं काहीच आलं नाही. मला वाटलं, हिला जमायला लागलं. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

निकाल लागला, तेव्हा ती बाकी सगळ्यात पास होती आणि गणितात नापास. गुणपत्रिका न्यायलाही आली नाही. शेवटी मीच गाडी काढली आणि ब्राह्मणपुरीला तिच्या घरी गेलो. सासऱ्याने ओट्यावर खाट टाकून बसवलं. त्याची तक्रार एकच, त्याचा रामराम आता गटात का जात नाही. मी काहीतरी उत्तर दिलं. तो पाणी आणायला आत गेला, तेव्हा मी सुनेला जरा रागानेच म्हणालो, अडलं होतं तर विचारलं का नाही, मी स्पष्ट लिहिलं होतं.

ती मी आणलेल्या गुणपत्रिकेकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "गटमा समदास्ना देखत इचारता ये, सर. तुमले एकलाले कशी इचारू? फोन सासराना शे."

जन्म याच भागात गेलेला माणूस मी. सुनेने परक्या पुरुषाला एकटीने निरोप धाडला तर घरात काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या सख्ख्या बहिणीचं मी बघितलं आहे. थकलो होतो, म्हणून मला ते आठवलं नाही. मला लाज वाटली, आणि त्या लाजेचाही थकवा आला.

जुलैच्या फेरपरीक्षेला बसणार का, असं विचारलं. तिने पाणी घेऊन आलेल्या सासऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, बसू द्या की. तिथेच खाटेवर बसून मी गट सगळ्यांना खुला केला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला गुलाब आला. आठपर्यंत बरेच आले. मी एकेक पुसत बसलो. दुपारी शाळेत फोन हातातच ठेवला होता. पावणेदोनला तिचा आवाज आला, मागे सासऱ्याचं घोरणं. "सर, त्या मधला पदना दोन तुकडा कसा पाडाना?"

ते उदाहरण मी कुलूप लावलं त्या दिवशीच्या व्हिडिओतलं होतं. तेव्हापासून ती तिथेच अडली होती.