खटक्याला येणारी कोल्हीण

इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस, कुणाचं ऐकेल तर शपथ! लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत लटकून काम करणाऱ्याला कॅमेऱ्याच्या दुकानदाराने अक्कल शिकवावी, हे त्याला खपणार कसं? दुकानदार बिचारा भल्याचंच सांगत होता.

"दादा, रानातल्या जनावरांचे फोटो काढायचेत ना? मग लेन्स लांब पल्ल्याची घ्या. आणि हा कॅमेरा नको, याचा खटका फार वाजतो."

"मला पाय आहेत. जवळ जाईन."

झालं! आखूड लेन्स आणि खाडखाड वाजणारा कॅमेरा गळ्यात अडकवून स्वारी घरी आली.

वस्तीमागे दगडाची बंद पडलेली खाण होती. तिथे एक कोल्हीण राहायची. पण कोल्हीण काय मेहुणी आहे, हाक मारली की फोटोला उभी राहायला? लांबून काढावा तर फोटोत नुसता ठिपका, जवळ जावं तर खटक्यासरशी पसार. मग याने युक्ती काढली. खटका वाजवायचा आणि कोंबडीच्या मांसाचा एक तुकडा फेकायचा. पुन्हा खटका, पुन्हा तुकडा. हळूहळू ती खटका ऐकून पळायच्या ऐवजी धावत यायला लागली, पार बुटांपर्यंत. मिशांचा केस न् केस मोजावा असा फोटो आला. लिफ्ट कंपनीच्या साहेबांनी तो ऑफिसात लावला.

बायको म्हणाली, "माझा कधी असा काढलात? प्रत्येक फोटोत माझं डोकं कापलेलं."

"तू हलतेस."

"आणि ती?"

"ती माझं ऐकते."

कसलं ऐकते! ती पोटाचं ऐकत होती. पण कौतुकाने फुगलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

एका दुपारी खाणीखालचा पोल्ट्रीवाला दारात आला.

"मिस्त्री, तुमची लाडकी माझ्या कोंबड्या नेते."

"तिनेच नेल्या कशावरून?"

पोल्ट्रीवाल्याने नुसता मोबाइल काढला आणि बोट टेकवलं. खाड्. खाड्. हुबेहूब याच्या कॅमेऱ्याचा आवाज.

"तुम्ही फोटो काढत होतात ना, तेव्हा मागे उभा राहून भरून घेतला. काल वाजवून बघितला. शेपूट हलवत खुराड्यापर्यंत आली हो! काल हातात काही नव्हतं. आज संध्याकाळी भाचा बंदूक घेऊन येतोय. तुमचे उपकारच म्हणायचे."

हसत हसत तो निघून गेला. कॅमेरा उचलून लिफ्टवाला तसाच खाणीकडे पळत सुटला.

त्याने खटका वाजवला. ती आली. त्याने दगड भिरकावला. नेम चुकला आणि वेडीने जाऊन तो दगडच हुंगला. तुकडा समजून! मग पुन्हा खटका, पुन्हा दगड. या वेळी तो मागच्या पायावर बसला. केकाटत ती गवतात घुसली.

"जा! मर तिकडे! पुन्हा येऊ नकोस!" तो ओरडला.

ऊन कलत होतं. खाली पोल्ट्रीपाशी गाडीचं दार आपटलं.

बसली असेल का तिला खटक्याची भीती? खात्री करायला त्याने आणखी एकदा खटका वाजवला. बराच वेळ काहीच हललं नाही. तो परत फिरणार, तोच गवत बाजूला झालं. आधी कान दिसले, मग नाक. लंगडत, त्याच्याकडेच बघत ती पुढे यायला लागली.

लिफ्टवाल्याने वाकून मोठा दगड उचलला.