मौनी पाहुण्यांचा बंदोबस्त

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. माझे यजमान चांदा जिल्ह्याच्या अगदी खालच्या टोकाला, सिरोंच्याच्या बाजूला, जंगलखात्यात रेंजर होते. एका दुपारी नागपूरचे एक साहेब जीपने आले आणि सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांच्याशी हळू आवाजात बोलून गेले. हे कोणालाही सांगणार नाही असं यजमानांनी त्यांना वचन दिलं आणि घरी येऊन हातपाय धुता धुता सगळं मला सांगितलं.

समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावरच्या देशाचे दहाएक शिपाई आमच्या बंगल्यावर राहायला येणार होते. त्यांचं सरकार कोणी उलथवायला निघालं तर ते कसं सांभाळायचं, हे आपलं सरकार त्यांना आतल्या जंगलात शिकवणार होतं. शिकवतंय हे मात्र कोणाला कळता कामा नये. आमच्याकडे त्यांच्या जेवणाची आणि गुपिताची व्यवस्था. ती नीट झाली तर चांद्याला बदली मिळणार होती.

मला ती बदली हवीच होती. मुलगी शाळेच्या वयाची झाली होती. गावातली शाळा मास्तरांना ताप आला की बंद व्हायची, आणि मास्तर बहुतेक तापातच असायचे.

"गावाला काय सांगायचं?" यजमान म्हणाले.

"मद्रासकडचे आहेत म्हणावं, जंगलाचं काम शिकायला आलेत," मी लगेच सांगितलं. मी अमरावतीची. आमच्याकडे नागपूरच्या खाली जे काही असेल ते सगळं मद्रासच.

पाहुणे आले. सावळे, हसरे, दोन्ही वेळा मासे मागणारे. दुसऱ्याच दिवशी बंगल्याच्या चौकीदाराची बायको पाणी घेऊन आली ती कपाळाला आठ्या घालून. ती नदीपलीकडची, तेलुगू घरातली. गावातली निम्मी घरं तशीच. मी कल्पना लढवली तेव्हा माझ्या आजूबाजूला निम्मं गाव तेलुगूतच भांडत होतं, पण ते माझ्या कानापर्यंत पोचलं नव्हतं.

"बाई, तुमचे पाहुणे मद्रासकडचे ना, मंग बोलत काऊन नाई? जेवले काय म्हून आमच्या बोलीत इचारलं, तं नुसते हसते."

"त्यांचं मौनव्रत आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"जंगलाचं काम शिकाले आले अन् मौनव्रत?"

"आधी व्रत, मग काम."

ती गेली. मी पळसाची फुलं उकळायला ठेवली. मौन धरणारी माणसं खाकी चड्डीत शोभणार नाहीत, एवढं मला कळत होतं. तिन्हीसांजेपर्यंत त्यांच्यासाठी आणवलेली धोतरं केशरी झाली, आणि माझे हात कोपरापर्यंत. यजमान बघून म्हणाले, "तू आता थांब." मी थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी पाहुण्यांच्या म्होरक्याला खुणांनी आशीर्वाद द्यायलाही शिकवलं. त्याला ते फार आवडलं.

आठवडी बाजारात बातमी फिरली आणि माणसं नारळ घेऊन यायला लागली. कोणाच्या सुनेला मूल नव्हतं, कोणाचा बैल हरवला होता. म्होरक्या सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि नारळ आत पाठवायचा. पाहुणे ते खवून माशांच्या कालवणात घालत. इतकं खूश मी त्यांना आल्यापासून पाहिलं नव्हतं. सकाळी जंगलातून बंदुकांचे बार ऐकू येत तेव्हा मी गावात सांगे, रेंजरसाहेब साधूंसाठी वाघ लांब ठेवतायत.

"साधू मासे खाते वाट्टे?" चौकीदाराच्या बायकोने एकदा विचारलं.

"त्यांच्या पंथात चालतं."

"आमच्या बुढ्याले पाठवतो मंग त्या पंथात," ती म्हणाली.

नागपूरचे साहेब न सांगता तपासणीला आले तो नेमका बाजाराचा दिवस होता. जीपला फाटकातून आत यायला वाट नव्हती. यजमान घामाने भिजले. मी मुलीला पोटाशी धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात चांद्याचं बिऱ्हाड आवरलं.

साहेबांनी रांगेतल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "कोण आहेत हे लोक?"

"साधू हाये, सायेब."

"कुठले?"

"बोलतच नाई तं कसं समजन? पण गुण येते. माहा बैल सापडला."

साहेब व्हरांड्यात बसले आणि बराच वेळ हसले. मग म्हणाले, "असेच पाहुणे ठेवलेली अजून दोन ठिकाणं मी पाहून आलो. तिथं पोरंसुद्धा देशाचं नाव सांगतात. इथं कोणाला संशय नाही. ही शक्कल कोणाची?"

यजमान गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण सुटल्याच्या आनंदात ते म्हणाले, "हिची."

मी पदर सावरून पुढे झाले. नको तेवढी पुढे झाले.

"मग बाई, तुम्हाला इथून हलवून कसं चालेल?" साहेब म्हणाले. "पावसाळ्यानंतर दुसरी तुकडी येतेय. बदलीचं पुढे बघू. त्यांना कोणाचं सोंग द्यायचं ते आत्ताच ठरवून ठेवा."

यजमानांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी साहेबांना विचारलं, माशाचं कालवण वाढू का. ते हो म्हणाले आणि दोनदा घेतलं.

ते गेल्यावर मी पाटी धुतली, मुलीला समोर बसवलं आणि 'अ' काढून दिला. तिने तो गिरवला, पाटी उलटी धरून.