भुशाच्या शेगडीवरचं कढण

मडकं ताडकन फुटलं अन् सारं कढण शेगडीत! धूर असा उठला का मले खोलीचं दार दिसेना. दीड महिन्याची पोरगी वाकळीवर रडून राह्यली अन् मी येडी, तिले उचलायचं सोडून राखेतून कुळीथ वेचून राह्यली. दोन दिस झाले होते, अंगावर दूध नव्हतं. पोरगी तोंड लावे, सोडे, किंचाळे. कढणानं दूध उतरते म्हून मायनं बांधून दिलेले शेवटचे कुळीथ होते ते.

तुम्ही गावाकडचे म्हणसान, मडकं फुटलंच कसं? आपल्या पोंभुर्ण्याकडं माय सकाळीच कढणाचं मडकं गोवऱ्यायच्या निखाऱ्यात पुरून धानाच्या बांधीत जाये. सांजेले येये त कढण असं दाट, का बोटाले चिकटे. इथी बल्लारपुरात गोवऱ्या कुठच्या? आमचे हे लाकडं कापाच्या आरा गिरणीत, म्हून भुसा फुकट. शेगडीत मधात बाटली उभी करा, भोवती भुसा ठेचून भरा, बाटली काढा, खालून पेटवा. दिवसभर धुमसते. मले वाटलं, झालं मायसारखं. पण माय नव्या मडक्यात आधी पेज शिजवे, ती फेकून देये, मंग दुसरं काही चढवे. मी रोज पाहे, काऊन करते ते कधी पुसलं नाई. बाजारातून मडकं आणलं, धुतलं अन् तसंच चढवलं.

तेवढ्यात शेजारची हमीदाबी धावत आली. सुताराची बायको, पाच लेकरायची माय. "अगे, पहले लेकराले बाहेर काढ! कुळीथ काय वेचते?" तिनंच पोरीले उचललं अन् अंगणात नेलं. मी मांगं मांगं, खोकत, रडत. "मडकं फुटलं त एवढी रडते, नवऱ्याचं डोस्कं फुटलं असतं त काय केलं असतं व?" मले हसू आलं अन् मंग जास्तच रडू आलं. दुधाचं सारं सांगून टाकलं.

तिनं पोरगी माह्या हातात देल्ली, घरी गेली अन् पदरात धरून आपलं भगोनं घेऊन आली. पहाटेपासून तिच्या शेगडीवर होतं. बकरीच्या पायाचा रस, त्यात मिरे, लसूण. बकरी आम्हीबी खातो, त्याचं काही नाई. पण गाव सोडलं त्या दिवशी माय मोटारीच्या खिडकीले धरून म्हणे, "परक्या गावात कोणाच्या चुलीचं खाऊ नोको व बाई. सासरचे घरात घेनार नाई."

हमीदाबी उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. "मी आत ठेवत नाई," म्हणे. "तू म्हणशील तवाच. नाई म्हटलं तरी मले राग नाई."

एवढी समज मी शिकल्यासवरल्या लोकायतबी पाह्यली नाई. मी त चौथीतून शाळा सोडली, मले कोणी असं पुसतच नाई, सांगतेच.

मी घेतलं. वाटीभर त्या दिवशी, मंग रोज वाटीभर. चौथ्या दिवशी पोरगी पोटभर प्याली अन् माह्या अंगावरच झोपली. आता शेगडी कशी भरायची, आच कशी दाबायची, सारं हमीदाबीच शिकवते. घर म्हटलं का मले आताबी मायचं अंगणच दिसते, पण भ्याव वाटलं का पाय तिच्या दाराकडं जाते.

मायले मी हे कळवलं नाई. पुढच्या बाजाराले ती नातीले पाहाले येऊन राह्यली, तवा सांगीन. ती शिव्या देईन त देईन. पण मले झोप लागू देत नाई ते दुसरंच. मी लगेच घेतलं नव्हतं. भगोनं गरम होतं, हमीदाबी या हातातून त्या हातात घेत होती, पोरगी रडून राह्यली होती, अन् मी खाली पाहत उभी. लय वेळ. तुम्ही तिले किती वेळ उभं ठेवलं असतं?