विटांवरची गाडी

त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. मळवलीच्या ज्या बंगल्यात आम्हा तिघा मित्रांची जुनी मोटार चाकं काढून विटांवर उभी होती, तिथला तो राखणदार, साधारण आमच्याच वयाचा. आठवडाभर कारखान्यात राबून रविवारी पुन्हा तेलातच हात घालायला आम्ही पॅसेंजरनं पुण्याहून यायचो. तो पायरीवर बसून पांगाऱ्याच्या लाकडातून आमचीच गाडी कोरत असायचा, वीतभर लांबीची. आम्ही दार उतरवलं की तोही उतरवायचा, आम्ही बसवलं की तोही बसवायचा. मडगार्डचा पोचासुद्धा त्यानं सोडला नाही. त्याची गाडीही विटेच्या तुकड्यांवरच उभी.

"आज लागनार का चाकं?" एवढंच तो दर वेळी विचारायचा. दमलेल्या माणसाला असा प्रश्न नको वाटतो. मी पुन्हा गाडीखाली सरकायचो.

पुढे एकाची बदली झाली, दुसऱ्याचं लग्न. इंजिन काही फिरलं नाही, आणि माझ्याही अंगातला जोर सरला. शेवटी भंगारवाल्याचा ट्रक घेऊन मी एकटाच गेलो. गाडी वर चढेपर्यंत तो हाताची घडी घालून बघत राहिला. मग बंडीच्या खिशातून त्यानं चार लाकडी चाकं काढली. खिशात राहून राहून ती काळपट, गुळगुळीत झाली होती.

"कधी केलीस ही?"

"लय दिस झालं."

"मग लावली का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"तुमच्या आदी कशी लावू, भाऊ?"