फसलेले टी-शर्ट आणि शोभाताईंचा एक महिना

आमच्या घरी गेल्या दोन वर्षांत कोणीच टी-शर्ट विकत घेतलेला नाही. गरजच पडली नाही ना! सदर भागात माझं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. चुकीचा छापलेला माल गिऱ्हाईक नेत नाही, मला टाकवत नाही, मग तो घरी येतो. एकात बाबा फिरायला जातात, दुसऱ्यात मी भाजी आणतो, तिसऱ्यानं बायको फरशी पुसते. आणि प्रत्येकामागं एक किस्सा आहे. पाहुणे विचारतात, "हे काय होय गा तुझ्या पोटावर?" मग मी सुरू होतो, चहा थंड होतो आणि बायको आतून ओरडते. आता कपाट अगदी गच्च झालं आहे, म्हणून थोडं इथं रिकामं करतो.

आमची डिझायनर प्राची. फाइन आर्ट शिकलेली, हुशार, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आधी ती सगळं हातानं काढायची. मग आम्ही एआय घेतलं. काय पाहिजे ते शब्दांत सांगायचं, की ते चित्र काढून देतं. या सांगण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. मला वाटलं, सुटलो! सांगायलाच तर लागतं, त्यात आपलं काय जातं? काय जातं ते आमचं कपाट उघडून बघा.

*

पहिली ऑर्डर जंगल सफारीच्या जीप चालवणाऱ्यांची. त्यांना छातीवर वाघ पाहिजे होता. प्राचीनं इंग्रजीत सहा ओळी लिहिल्या. रॉयल, मॅजेस्टिक, सिनेमॅटिक, मास्टरपीस, सापडेल तो भारी शब्द टाकला. आणि वाघ काय आला म्हणता! चमचम अंग, मागं निळे डोंगर, धुकं, गवतावर दव. मला दम कुठला? गिऱ्हाइकाला न दाखवता चाळीस छापून मोकळा झालो.

त्यांचे म्होरके अरुणभाऊ आले. उन्हात रापलेला माणूस. टी-शर्ट उजेडाकडे धरून पाहिला.

"वाघ झकास आहे," ते म्हणाले. "पण भाऊ, याले कधी ऊन लागलंच नाही!"

"म्हणजे?"

"आमचा वाघ मे महिन्यात उलटा चालत, शेपटीकडून पाण्यात उतरते अन् गळ्यापर्यंत बसून राहते. तुमचा हा स्वेटर मागून राहिला!"

सध्या तो स्वेटरवाला वाघ बाबांच्या अंगावर असतो.

*

मग कबड्डीची टीम. सात खेळाडूंचं चित्र हवं होतं. प्राचीनं लिहिलं, 'सात ताकदवान कबड्डीपटू'. सात आले, ताकदवान आले, पण सातही जणांचं तोंड एकच! तेच नाक, तीच मिशी, तोच तीळ. मी आता शहाणा झालो होतो, आधी कॅप्टनला बोलावून स्क्रीनवर दाखवलं.

तो खूष! "हेच छापा भाऊ!"

"अरे, सातही जुळे दिसून राहिले!"

"म्हणूनच तं! आउट कोण झालं हे रेफरीले समजलंच नाही पाहिजे!"

त्यातला एक मी हट्टानं ठेवून घेतला. भाजी आणतो तो हाच.

*

आता माझी फजिती. प्राची सुट्टीवर होती, जिमवाला समोर बसलेला, आणि मी कीबोर्ड बडवत होतो. 'भारी काहीतरी बनव.' आलं ते डंबेल धरलेलं अस्वल. 'अजून भारी.' अस्वलाला पंख फुटले. 'अबे नीट बनव ना!' अस्वलं दोन झाली.

रात्री जेवताना बायकोपुढं यंत्राच्या नावानं बोटं मोडली. ती शांतपणे म्हणाली, "काल सकाळी मी विचारलं होतं, जेवायले काय करू? तुम्ही काय म्हणाले?"

"काहीतरी चांगलं कर म्हणालो."

"अन् मंग तुम्हाले काय भेटलं?"

खिचडी भेटली होती.

*

याच सुमाराला शोभाताई आल्या. हुडकेश्वरला राहतात, पन्नाशीच्या आतबाहेर, बोलणं मोजकं. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात एकोणीस वर्षं चेकर होत्या. म्हणजे समोरून कापड सरकत जायचं आणि ह्या डाग, गाठ, तुटलेला धागा पकडायच्या. मग कारखान्यानं कॅमेरा बसवला. तोच चुका पकडू लागला आणि चेकर घरी गेल्या. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, त्यामुळे काम पाहिजेच होतं.

मी खरं ते सांगितलं, "ताई, लग्नाचा अन् टुर्नामेंटचा सीझन आहे तोवर पॅकिंगले या. महिनाभर. पुढचं कबूल करत नाही."

त्यांनी मान हलवली आणि प्राचीच्या कॉम्प्युटरकडे बघून विचारलं, "हे काय करते?"

"चित्र काढते. आपोआप."

"म्हणजे इथंही आलंच का हे!" एवढंच बोलून त्या घड्या घालायला बसल्या. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या पोटावर तेच आलं होतं ना.

*

आठवडा झाला असेल. वर्ध्याहून एक बौद्ध कुटुंब आलं. घरी लग्न होतं, सगळ्या भावंडांना बोधिवृक्षाचं पान छापलेले टी-शर्ट हवे होते. प्राचीनं पान काढलं, सोनेरी, शिरा-बिरा एकदम सुंदर. शोभाताई गठ्ठा ठेवायला आल्या आणि स्क्रीनसमोर थबकल्या.

"यावर चुना लावा अन् खा," त्या म्हणाल्या.

प्राचीचं नाक लाल! "काहून?"

"हे खायचं पान होय पोरी. पिंपळाचं नाही. आमच्या विहाराच्या दारात आहे पिंपळ, रोज पाहतो. त्याले टोक किती लांब राहते! बोटभर. अन् देठ बारीक, म्हणून हवा नसली तरी हलते. घरातले लोक आधी पानच पाहतीन, मंग कापड."

प्राची चिडून म्हणाली, "तं मग तुम्हीच सांगा ना!"

शोभाताईंनी खरंच सांगितलं. "एकच पान. तळहाताएवढं. खाली रुंद, वर निमुळतं, टोक बोटभर लांब अन् जरासं डावीकडे वळलेलं." प्राचीनं रागारागात तसंच मराठीत टाइप केलं. पहिल्याच झटक्यात पिंपळ!

मी विचारलं, "ताई, हे कुठं शिकल्या?"

"शिकाचं काय त्यात? आम्ही वर, मशीनवाला खाली. फोनवर सांगा लागे. 'डाग आहे' म्हटलं तं तो काय करन? 'डाव्या काठापासून चार बोटं आत, हरभऱ्याएवढा, तिरपा' असं म्हटलं की त्याले बरोब्बर भेटे. समोरच्याले दिसत नाही, हे धरूनच बोला लागते."

प्राचीनं ते वाक्य कागदावर लिहून स्क्रीनच्या वर चिकटवलं. रुसलेलीच होती, पण चिकटवलं!

*

हुडकेश्वरचाच एक किस्सा. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचा ग्रुप आहे, शोभाताईंच्या ओळखीचा. अध्यक्षबाईंनी ताकीद दिली होती, "आम्हाले म्हाताऱ्या दाखवू नका बरं!" प्राचीनं इमानदारीनं लिहिलं, 'म्हाताऱ्या नको, काठी नको, पांढरे केस नको.' यंत्रानं काय दिलं? पाच म्हाताऱ्या, पाच काठ्या, डोकी कापसासारखी पांढरी! ते बाईंना दाखवलं गेलं, कारण दाखवणारा मी.

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "ही मधातली तं माझी सासू होय!"

मी सटकलोच. शोभाताई प्राचीला म्हणाल्या, "नको नको म्हणत त्याचंच नाव काहून घेऊन राहिली वं? पाहिजे ते सांग. काळेभोर केस, ताठ पाठ, लांब ढांगा, हसून राहिल्या."

अध्यक्षबाई त्या टी-शर्टात परवा बँकेत गेल्या होत्या म्हणे.

तेव्हापासून प्राची दर प्रॉम्प्टच्या आधी मान वळवून हाक मारायची, "ओ ताई, जरा पाहता का?" आणि ताई घड्या सोडून उठायच्या. इकडे सीझन मात्र संपत आला होता. टेबलावर गठ्ठे कमी झाले तसं शोभाताईंचं बोलणंही कमी झालं. मलाही विषय काढवेना.

*

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका घरातले चार चुलतभाऊ आले. आजीची पंच्याहत्तरी होती, सगळ्या नातवंडांना आजोबांचं चित्र असलेले टी-शर्ट पाहिजे होते. फोटो एकच होता, तो पुराच्या पाण्यात गेलेला. थोरला म्हणाला, "एखादा चांगला आजोबा टाकून द्या ना, चालते."

प्राचीनं टाकला. फेटा, पांढरी मिशी, डोळ्यांत माया. नातवंडं खूष. फोनवर आजीला दाखवलं, तर आजी म्हणे, "हा कोण होय? याले घरात कशाले घेतलं?"

दुसऱ्या दिवशी आजीलाच घेऊन आले. शोभाताईंनी स्टूल दिलं, चहा दिला आणि शेजारी बसल्या. "मावशी, नाक कसं होतं त्यांचं?"

आजी लाजली. "तोंडाकडे कधी पाहिलं बाई मी? ते पुढं चालत, मी मागं. बाजाराले जा, वावरात जा, ते आपले पुढंच."

प्राचीनं कपाळाला हात लावला. शोभाताई मात्र जवळ सरकल्या. "मंग मागूनच सांगा."

आणि आजी तासभर सांगत बसली! शोभाताई विचारत होत्या, हात कुठं असत, खांदा कोणता खाली, धोतर कुठवर. नंतर त्यांनी सांगितलं आणि प्राचीनं अक्षरही न बदलता लिहिलं. 'पाठमोरा उंच माणूस. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. हात मागं, उजव्या हातात डाव्याचं मनगट. धोतर अर्ध्या पोटरीपर्यंत, टाचांना माती. दोन्ही बाजूंना तूर, मधून पायवाट. चालून राहिला आहे, थांबला नाही.'

"पाठमोरा माणूस छातीवर काय करन?" शोभाताई म्हणाल्या. "पाठीवर छापा."

टी-शर्ट न्यायला सगळे आले तो महिन्याचा शेवटचा दिवस. आजी स्टुलावर बसली होती, चपला काढून. शोभाताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, आज महिना भरला. उद्या येऊ का नको, तेवढं सांगून द्या."

मी म्हणालो, "ते आजीच सांगन, आधी तिले पाहू द्या."

थोरल्या नातवानं टी-शर्ट अंगात घातला. फिटिंग बघायला म्हणून तो आमच्याकडे पाठ करून दाराकडे चालायला लागला. चार पावलं गेला असेल.

आजीनं पटकन डोक्यावर पदर घेतला. पायानं चपला चाचपल्या, लगबगीनं उठली आणि म्हणाली, "हळू चाला ना जी, मी येऊन राहिली."