चौथा अंतरा

गायकाने कवीला फसवलं. कवी धर्मापुरीकडचा मेंढपाळ, गायक आमच्या गेवराई तालुक्यातला. फसवणूक झाली ती भर जत्रेत, मंडप खचाखच भरलेला असताना, माझ्या डोळ्यांदेखत. कवीला त्या मंडपात मीच आणून पुढच्या रांगेत बसवलं होतं, म्हणून हे मला लिहावं लागतंय. शेळ्या-मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला गाण्यातलं काय कळतं असं ज्याला वाटत असेल त्याने इथंच थांबावं.

मी मेंढरांच्या मागे वाढलो. आज बाजारात माझ्या शब्दाला वजन आहे ते मला कुणी दिलेलं नाही, भांडून मिळवलेलं आहे. पण गाण्याचा नाद त्याच्याही आधीचा. लोक आवाजाच्या मागे जातात, मी गाणं बांधणाऱ्याच्या मागे जातो. जनावर बघताना आधी मालकाकडे बघायची सवय, तसंच हे. गाणं आवडलं की पहिला प्रश्न एकच, हे बांधलं कुणी?

कपिलधारच्या यात्रेत भजनी मंडळात एक बाई होत्या. त्या स्वतः पदं बांधायच्या. बाजूला धबधबा कोसळत असायचा, म्हणून त्यांच्या प्रत्येक ओळीतला महत्त्वाचा शब्द शेवटी यायचा आणि त्यावर त्या लांब सूर धरायच्या. पाण्याच्या आवाजात बाकीचं बुडालं तरी तेवढा शब्द पोचायचा. हे लक्षात आलं त्या दिवशी मी दिंडीचं जेवण सोडून त्यांच्यासमोर बसून राहिलो. आई शोधून शोधून दमली.

दुसरा आमच्या गेवराईचा शिंपी. दिवसा शर्ट शिवायचा आणि मशीन चालवता चालवता कव्वाल्या रचायचा. एकदा दोन गायन पार्ट्यांचा सामना ठेवला होता. इकडच्या पार्टीने सवाल टाकायचा, तिकडच्याने जवाब द्यायचा. दोन्ही गायक एकमेकांचे असे वाभाडे काढत होते की पोलीसपाटील उठून उभे राहिले. शेवटी इकडच्याने शेवटचा अंतरा म्हटला, त्यात शिंप्याचं नाव. तिकडच्याने जवाबाचा शेवटचा अंतरा म्हटला, त्यातही शिंप्याचंच नाव! दोन्ही बाजूंनी शिव्या एकाच माणसाने लिहून दिल्या होत्या आणि तो स्वतः मागे भज्यांच्या गाड्यावर उभा होता. मंडप हसून हसून लोळला. कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर दोन्हीकडचं माप घ्यायलाय!"

आमच्याकडची रीत ही अशी आहे. गाणं बांधणारा शेवटच्या अंतऱ्यात आपलं नाव ओवतो. त्याला ना पुस्तक असतं ना फोटो असतो. त्याची सगळी मालकी त्या एका ओळीत. गायक कुणीही असो, तिथं आला की ते नाव घेतोच. न घेणाऱ्याला पूर्वी लोक मंचावरून उतरवायचे.

आता धर्मापुरीच्या तात्यांचं. मी एडके घ्यायला त्या भागात जायचो. जुन्या देवळाच्या पलीकडे माळावर त्यांचा कळप बसायचा. पहिल्या भेटीत सौदा फिसकटला. मी वय कळायला एडक्याचे दात मोजले, ते म्हणाले, "दात काय मोजतोस, तुझे किती ऱ्हायलेत?" मी भडकलो. मला भडकायला वेळ लागत नाही. मग ते मेंढरं पाण्यावरून वळवताना गुणगुणायला लागले आणि माझा राग जागच्या जागी बसला.

कळप गेला पल्याड माझा,
खूर राहिले काठाला.

गाण्याचे चार अंतरे. पहिल्या तिन्हीत कळप पाणी पिऊन निघून गेलाय आणि मेंढपाळ ओल्या मातीतले खूर बघत बसलाय. कुठला खूर कुठल्या मेंढीचा हे तो ओळखतो. लंगडीचा, गाभणीचा, नुकत्या व्यालेलीचा. चौथ्यात तो स्वतःचं नाव घेऊन स्वतःलाच विचारतो की बाबा रे, माती वाळली, खूर पुसले, आता तू कुणाच्या मागानं जाणार? आयुष्यात मी इतकी गाणी ऐकली, पण माणसाने स्वतःला असं विचारलेलं कुठं ऐकलं नाही. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्याने ते गाळलं त्याच्या तोंडून ते आधी आलं पाहिजे.

तो गायक तेव्हा नवा होता. तोही धनगराचाच पोरगा, गळा गोड. तात्यांच्या वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, जाऊन राहिला, त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, गाणं शिकला. मग ते मोबाईलवर आलं. लग्नात, मिरवणुकीत, टमटममध्ये, सगळीकडे तेच. तीन अंतरे गायचा आणि थांबायचा. चौथा नाहीच. खाली लिहिलेलं, 'गीत : पारंपरिक'. जिवंत माणूस माळावर मेंढरं राखतोय आणि ह्यांनी त्याची परंपरा करून टाकली!

तात्यांनी तेही सोसलं असतं. पण परळीकडच्या एका लग्नात त्यांना गायला बसवलं, त्यांनी हेच धरलं, तर नवरदेवाचा मामा म्हणाला, "बाबा, दुसऱ्याचं कशाला म्हणायलात? सोताचं काही असंल तर म्हना." पुढच्या गोष्टी त्यांनी मला सांगितल्या नाहीत. एवढंच की त्या दिवसापासून ते चारचौघांत गायचे बंद झाले. मी नंतर गेलो तेव्हा म्हणाले, "नवं एक बांधलंय. ह्याच्याहून चांगलं हाय. पण आदी माझं नाव एकदा माईकवर येऊ दे. मग तुला पयलं ऐकवतो."

मला ते गाणं ऐकायचं होतं. तात्या थकत चालले होते, दम लागायचा. ते गाणं फक्त त्यांच्या पोटात होतं.

तशात आमच्या जत्रेत त्याच गायकाचा कार्यक्रम ठरला. मी कमिटीत आहे, त्याच्याशी बोलणी करायचं काम माझ्याकडे आलं. तो बाजाराच्या दिवशी मला भेटायला आला, पांढरे बूट घालून, लेंड्यांतून जपून पाय टाकत.

"शेठ, बोर्डावर माझा फोटो सगळ्यांत मोठा पायजे," तो म्हणाला.

"लावू. आणि खुराचं गाणं पुरं गायचं."

"पुरंच गातो की. तीन अंतरे."

"चार हायत."

तो हसला. "चौथा लोकांना झेपत न्हाई शेठ. लई रडका हाय."

मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्याच्या हातावर टाकला. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, जितकी बोटं तितका आकडा, आणि दोघांनी दाबली की सौदा पक्का. मग सूर्य इकडचा तिकडे झाला तरी कुणी फिरत नाही. तो धनगराचा पोरगा, त्याला हे सांगावं लागलं नाही. मी चार बोटं धरली. त्याने तीन दाबली. मी करंगळी पुढे केली. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि दाबली. पक्कं.

मी त्याच आठवड्यात जीप घेऊन धर्मापुरीला गेलो. तात्या यायला तयार होईनात. "मेंढरं कोन बघंल?" मी म्हटलं, पुतण्या बघेल. "माझ्यापाशी कपडे न्हाईत." मी म्हटलं, धुतलेले आहेत ते घाला. शेवटी म्हणाले, "नाव घेनार म्हनला का त्यो?" मी म्हटलं, हात दिलाय त्याने. मग ते जीपमध्ये बसले. गेवराईच्या अलीकडे विचारलं, "माईक मोठा असतो का रं?"

कार्यक्रम दिवेलागणीला सुरू झाला. मंचावर मधोमध आमच्या भागातले पुढारी, साहेब म्हणतात त्यांना, फेटा बांधून बसलेले. मंडप त्यांचा, स्पीकर त्यांचे. आम्ही खाली पहिल्या रांगेत. गायकाने आधी दोन-तीन नाचायची गाणी घेतली, शिट्ट्या पडल्या, धूळ उडाली. तात्या मांडीवर हात ठेवून ताठ बसलेले. मी गायकाकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत नव्हता. गिऱ्हाईक नजर चुकवायला लागलं की समजायचं, काहीतरी काळंबेरं आहे. पण माझा जीव रुमालाखालच्या त्या करंगळीवर होता.

ढोलकी बदलली. खुराचं गाणं सुरू झालं. पोरं उभी राहिली, मोबाईल वर गेले. पहिला अंतरा झाला. तात्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. दुसऱ्या अंतऱ्यात गायकाने लंगड्या मेंढीची ओळ चुकवली. तात्या पुटपुटले, "खुराडी म्हनला. खुरटी हाय ती, पाय आखूड ऱ्हायलेली." तिसरा झाला. नेहमी हा इथं हात जोडतो आणि ढोलकी शेवटची तिहाई मारते. ढोलकीवाल्याने हात उचललाही होता. गायकाने त्याला डोळ्याने थांबवलं. मी तात्यांचा गुडघा धरला.

त्याने चौथा अंतरा धरला. माती वाळली. खूर पुसले. तात्या पुढे झुकले, पटका सरळ केला. आणि जिथं त्यांचं नाव यायचं तिथं गायकाने मंचावर मागे हात करून साहेबांचं नाव घेतलं! 'आता तू कुणाच्या मागानं जाणार' हा सवाल त्याने मोडला आणि त्याचं करून टाकलं, 'आता आम्ही साहेबांच्या मागानं जाणार'. फटाके लागले. साहेब उभे राहिले, हात जोडले, स्वतःचा फेटा काढून गायकाच्या डोक्यावर ठेवला. सगळा मंडप नाचत होता.

मी उठलो. तात्यांनी माझी बाही धरली.

"बस खाली. माणसं बघायलीत."

"तात्या, त्यानं..."

"कळलं मला. बहिरा न्हाई मी." आणि त्यांनी दोनदा टाळी वाजवली. हळू. बाकीचे वाजवतायत म्हणून.

ती टाळी मला सहन झाली नाही. मी बाही सोडवून मंचाच्या मागे गेलो. गायक तो फेटा काढून पाणी पीत होता.

"चौथ्याचं काय ठरलं होतं?"

"गायला की शेठ. चार बोटं धरली तुमी, चार गायले."

"नाव कुणाचं घातलं बे?"

"नावाचं कुठं ठरलं होतं?" तो आजूबाजूच्यांकडे बघून हसला. "रुमालाखाली बोटं असत्यात शेठ, नावं न्हाईत."

"मेंढी घेताना तिच्या कानाचं वेगळं बोलत्यात का? पाठीवरचं रंगाचं निशाण पुसून दुसऱ्याचं लावणाऱ्याला बाजारात काय म्हणत्यात, सांग तूच!"

"कावून एवढं तापायलात? म्हाताऱ्याला बोलवा, शाल घालतो."

मी त्याची गचांडी धरली. कमिटीचे लोक मध्ये पडले आणि त्यांनी मला धरलं, त्याला नाही. अध्यक्ष म्हणाले, "साहेबांचं नाव आलं, त्यात वाईट काय झालं? मंडप कुणाचा हाय?" मी म्हटलं, मंडप त्यांचा, गाणं त्यांचं आहे का? तर म्हणाले, "तुझ्या सौद्याला साक्षीदार कोन हाय?"

नाही साक्षीदार. रुमाल असतोच त्यासाठी. लोक आता मला शहाणपण शिकवतात की चारचौघांत बोलून घ्यायचं होतं, कागद करायचा होता. ज्या हातांवर अख्खा बाजार चालतो त्याच हाताने मी सौदा केला. हाताने दगा दिला तर दोष हाताचा, बाजाराचा नाही आणि माझा तर नाहीच.

तात्या त्या दिवशी माझ्या घरी राहिले. सकाळी चहा झाल्यावर मी विचारलं, नवं गाणं ऐकवता का? मला एकट्याला. मी कुणाला म्हणून दाखवणार नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ते बी कुनाच्या तरी मागं जाईल. ऱ्हाऊ दे पोटात." जीपमध्ये बसताना मी पुन्हा विचारलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. नंतर मी दोनदा जाऊन आलो. ते एडक्यांबद्दल बोलतात, पावसापाण्याबद्दल बोलतात, माझ्या दातांची चेष्टाही करतात. गाण्याचा विषय काढला की उठून मेंढरांकडे जातात. दम वाढलाय. पुतण्या सांगतो की आता एकटे असतानाही गुणगुणत नाहीत.

त्या दिवशीचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय. वर साहेबांचा फोटो, खाली अजूनही 'पारंपरिक'.

कमिटी म्हणते विषय संपला. माझ्यासाठी संपलेला नाही. साहेब, तुम्ही मंचावर होता. ज्या जागेवर तुमचं नाव बसवलं तिथं आधी कोण बसलं होतं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का? नसेल विचारलं तर आता विचारा, आणि ज्या मंचावर हात जोडलेत तिथल्याच माईकवर सांगा. आणि गायका, तू ज्याची भाकरी खाल्लीस त्याच्या गाण्यातून त्याला कुणाच्या परवानगीने बाहेर काढलंस? उत्तर मला देऊ नको, माझ्याशी तुझं भांडण वेगळं आहे. धर्मापुरीला जा. मेंढरं वाड्यात घ्यायची वेळ असेल, तात्या दारात उभे असतील. त्यांच्यासमोर त्यांचं नाव घेऊन चौथा अंतरा म्हण, आणि मग सांग का गाळलंस ते. त्यांचा दम टिकून आहे तोवर जा.